एकटीनं पाहिलेलं व्हेनिस

ह्यांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी एकटीच व्हेनिसला गेले. जुन्या शहरात ना रिक्षा, ना मोटार, बससुद्धा पाण्यावरची! सेंट मार्कच्या चौकात मात्र जत्रेची गर्दी. कॉफीचे भाव वाचले आणि मुकाट्यानं उठले.

मग वाट चुकले. मागच्या गल्लीत कालव्यावर धुणं वाळत होतं. एक आजीबाई सामानाची पिशवी पुलाच्या पायऱ्यांवरून ओढत होत्या. मी एक बंद धरला. बोलणं कळेना, पण त्या छान हसल्या.

१९५१ साली या जुन्या शहरात पावणेदोन लाख वस्ती होती. आज ५० हजारांहूनही कमी. कित्येक घरं पाहुण्यांनाच भाड्यानं जातात. मीही अशाच एका घरात उतरले होते! शहर देखणं आहे हो. पण आजीबाईंना शेजार उरला असेल का, हा विचार काही केल्या जात नाही.