लाइनीचा आठवडा

संक्रांतीच्या सुमारास पुण्यात रस्त्याच्या कडेला ओल्या हरभऱ्याच्या गड्ड्या विकायला येतात. परवा ऑफिसातून निघताना एक घेतली आणि रिक्षात बसल्या बसल्याच घाटे सोलायला लागले. बोटं चिकट झाली. जिभेला लावली तर आंबट. हरभऱ्याची आंब. घर येईपर्यंत मी फार जुन्या एका रात्रीत जाऊन बसले होते, आणि दिवसभर जे ऐकलं होतं त्याचा राग तेव्हा कुठे नीट वर आला.

त्या दिवशी ऑफिसात वेळेच्या नियोजनाची कार्यशाळा होती. फळ्यावर चार चौकोन. तातडीचं आणि महत्त्वाचं, महत्त्वाचं पण तातडीचं नसलेलं, आणि उरलेले दोन. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ मध्ये एका भाषणात हा तातडीचा आणि महत्त्वाचा भेद सांगितला, तोही एका माजी कॉलेजप्रमुखाचा हवाला देऊन. पुढे स्टीफन कव्ही यांच्या १९८९ च्या पुस्तकाने हे चौकोन जगभरच्या ऑफिसांत पोचवले. ते मला पटतात. माझी सकाळ त्यांच्यामुळे सोपी झाली आहे. पण अशी प्रत्येक कार्यशाळा ज्या एका वाक्याने सुरू होते ते वाक्य मला सहन होत नाही. सगळ्यांना सारखेच चोवीस तास मिळालेले असतात, असं ते वाक्य आहे. ते खोटं आहे.

आमचं गाव चिखली तालुक्यातलं, घाटावरचं. देवघराच्या शेजारी भिंतीवर बाबा कोळशाने लिहून ठेवायचे. या आठवड्यात दिवसाची, पुढच्या आठवड्यात रातची. दुसरं काही लिहायची गरज नसे, लाइन म्हटलं की झालं. शेतीच्या पंपाला लागणारी थ्री फेज लाइन ठरावीक तासच येते, कधी दिवसा, कधी रात्री, चक्राकार. घरातलं बाकी सगळं त्या कोळशाच्या रेघेभोवती फिरायचं. रातची लाइन असली की स्वयंपाक लवकर, दिवसभराची कामं तशीच, आणि बाबांची झोप कुठेतरी मधे. पाहुणा आला तरी आधी विचारायचा, “लाइन केव्हाची हाय तुमच्याकडं?”

ती रात्र अशीच रातच्या लाइनीच्या आठवड्यातली. बाबा तापाने फणफणले होते. हरभरा फुलोऱ्याला आला होता. या पिकाला पाणी थोडं लागतं, पण नेमक्या वेळी लागतं. फुलोऱ्याआधी एक आणि घाटे भरताना एक चुकलं तर दाणा पोचट राहतो. लाइन बाराला येणार होती. माय म्हणाली, “चाल वं, पाइप धरू लाग.” मी नववीत होते. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, पुढे माय.

स्प्रिंकलर ज्यांनी दुरूनच पाहिलाय त्यांना तो सुंदर वाटतो, फिरत्या कारंज्यासारखा. एका जागी तीनेक तास नोझल फिरले की मोटर बंद करायची, पाइप सुटे करायचे, आणि वीस वीस फुटांचा एकेक पाइप आतल्या पाण्यासकट उचलून चाळीस फूट पुढे न्यायचा. पुन्हा जोडणी, पुन्हा मोटर. पौषातली थंडी आणि कमरेपर्यंत भिजलेले कपडे. हरभऱ्यातून चालताना आंब पायांना लागते आणि जिथे जिथे खरचटलेलं असतं तिथे आग होते. मायच्या पोटऱ्या ओरखड्यांनी भरलेल्या होत्या. ती मोटरीजवळच्या दगडावर बसून हिशेब करत होती, लाइन जायच्या आत किती जागा होतील याचा.

आमच्याकडे अंधारात जायची भीती मनाची नसते. ज्ञानगंगेच्या जंगलातून आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेतून अस्वलं बाहेर येतात. बुलढाणा जिल्ह्यात शेतकऱ्यांवर अस्वलांनी केलेल्या हल्ल्यांच्या बातम्या दर वर्षी असतात. रानडुकरं आहेत, साप आहेत. मोटरीच्या पेटीत हात घालण्याआधी माय काठीने पेटी ठोकायची.

शेतकऱ्याला कामाची निकड शिकवावी लागत नाही, हे मला सांगायचं आहे. जूनमध्ये पाऊस पडून गेला की जमिनीला वापसा येतो. ओल आहे पण चिखल नाही, अशी ती थोड्या वेळाची अवस्था असते. वापसा आला की लग्नकार्य, बाजार, दुखणं सगळं मागे पडतं आणि तिफण बाहेर निघते. आधी काय आणि नंतर काय, हे घरातल्या लहान पोरालाही कळतं. वर्षाची आखणीही असते. अक्षय तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला घटमांडणी होते, अठरा धान्यं मांडतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी त्यावर आक्षेप घेतलेत आणि ते योग्यच आहेत. पण बाबा पेपरातलं ते भाकीत वाचून बियाणं किती आणायचं, कुणाकडून उसनं घ्यायचं, याची बोलणी त्याच दिवशी सुरू करायचे. ती त्यांची कार्यशाळा.

पाऊस कुणाला विचारून येत नाही, त्याच्यावर रागावून उपयोग नाही. लाइनीचं तसं नाही. ते वेळापत्रक माणसाने टेबलावर बसून बनवलेलं असतं.

कामगारांनी घड्याळावरून दगड मारल्याची एक जुनी गोष्ट मला इथे आठवते. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानात एकच प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. काही गिरण्यांनी नवी वेळ धरली, म्हणजे कामगाराने उन्हाच्या हिशेबाने तेवढं आधी उठून यायचं. त्याच महिन्यात मुंबईत गिरणी कामगारांनी काम नाकारलं आणि गिरणीवर दगडफेक केली. मुंबई महापालिकेने तर जुनी वेळ पुढे कित्येक वर्षं सोडली नाही. त्या काळात मुंबईकडे जाणारा कापूस वऱ्हाडातूनही जायचा. जलंब ते खामगाव हा जेमतेम १३ किलोमीटरचा लोहमार्ग १८७० मध्ये खास कापसासाठी टाकला गेला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले होते. कापूस वेळेत बंदरावर पोचावा म्हणून एवढं सगळं. पिकवणाऱ्याच्या वेळेचा विचार तेव्हाही कुठे नव्हता. गिरणी कामगारांना निदान दगड मारायला समोर एक इमारत तरी होती.

आजचंच बघा. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, आमच्या मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून जातो. नागपूर ते मुंबई सोळा तासांचा प्रवास आठ तासांवर आणायचा म्हणून तो बांधला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. प्रवाशांचे आठ तास वाचावेत म्हणून डोंगर फोडले गेले. चांगलं झालं, मीही त्याच रस्त्याने गावी जाते. रात्री त्या रस्त्यावरून खाली पाहिलं की शिवारात एखादी बॅटरी हलताना दिसते.

मायचे स्वतःचे असे दिवस वर्षातून एकदाच यायचे. माघ वद्य सप्तमीला शेगावात गजानन महाराजांचा प्रकटदिन असतो. महाराज १८७८ मध्ये याच तिथीला शेगावात पहिल्यांदा दिसले असं मानतात. गावातल्या बायांसोबत माय पायी निघायची, अमडापूर, उंद्री, खामगाव करत. आणि नेमकी तेव्हाच हरभऱ्याची सोंगणी तोंडावर आलेली असायची. बाबा कुरकुरायचे. ती म्हणायची, “घाटे पळून नाई जात. म्या येतो चार दिसात.” आणि जायची. चौकोन न काढता घेतलेला इतका स्वच्छ निर्णय मी कुठल्याच ऑफिसात पाहिला नाही. शेगावात पोचल्यावर ती झाडू घ्यायची. संस्थानात पांढऱ्या कपड्यांतले सेवाधारी पाळीपाळीने सेवा देतात. त्यांत बहुतेक शेतकरी आणि मजूर, आणि सेवेसाठी नाव नोंदवून वाट पाहणारेही पुष्कळ. ज्यांच्याकडे वेळ नाही असं आपण धरून चालतो, ती ही माणसं. चार दिवसांनी परतलेली माय वेगळी दिसायची. चालून चालून पाय सुजलेले असत, पण झोप पुरी झालेली असे. वारीत रात्री कुणी तिला उठवत नव्हतं.

त्या रात्री दुसरी जागा झाल्यावर तिने मला विचारलं, “सकाळी पेपर हाय नं तुया?” गणिताचा होता. “जाय, नीज घडीभर. तिसरी जागा म्या एकटी करतो.” मी गेले नाही. बांधावर पोत्यावर बसून बॅटरीच्या उजेडात प्रमेयं वाचली. मधेच ती हाक मारायची, मी पाइपाचं दुसरं टोक धरायची, परत येऊन बसायची. कार्यशाळेत सांगतात की एका वेळी एकच काम करावं, लक्ष विभागू नये. बरोबर आहे. पण ज्याला निवडीचा हक्क आहे त्यालाच ते जमतं.

आता शेत धाकटा भाऊ करतो. त्याने मोबाइल स्टार्टर बसवलाय, घरी अंथरुणातून फोन लावला की मोटर सुरू होते. पाइप मात्र फोनने सरकत नाहीत. सरकारची सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू आहे आणि लक्ष्य १६,००० मेगावॅटचं आहे. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा करायचा आणि शेतीच्या फिडरला दिवसा वीज द्यायची. योजना चांगली आहे, मनापासून सांगते. शेजारच्या गावाच्या फिडरवर दिवसाची लाइन आली, तेव्हा भावाने मला मुद्दाम फोन करून सांगितलं. तिथली माणसं रात्री झोपतात, एवढंच तो म्हणाला. आमच्या फिडरवर ती अजून आलेली नाही.

माय आता सत्तरीच्या पुढे. शेतात जात नाही. तरी रातच्या लाइनीच्या आठवड्यात बाराला उठून बसते आणि भाऊ परत येईपर्यंत आडवी होत नाही. माझ्या ऑफिसातल्या चार चौकोनांत तिचे हे तास कुठे लिहायचे, ते मला कुणी सांगितलं नाही.

तुम्ही वेळेचं नियोजन शिकवत असाल तर सारख्या चोवीस तासांचं ते वाक्य कृपा करून काढून टाका. आणि वीज देणाऱ्या कुठल्याही खुर्चीवर बसलेले असाल, तर आमच्यासारख्या राहिलेल्या फिडरांची यादी आधी हातात घ्या. ते काम तातडीचंही आहे आणि महत्त्वाचंही. कोणत्या दिवशी कोणतं काम करायचं हे गावातल्या माणसांना चांगलं कळतं. त्यांना दिवसा लाइन द्या.