नल म्हणजे शून्य नव्हे

डेटाबेसशी रोज झटापट करणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. नल म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हणजे मोजलं आणि काही नाही निघालं. नल म्हणजे माहितीच नाही. त्याची तुलना कशाशीही करा, उत्तर ना खरं ना खोटं! एखाद्या रकान्यात असा नल निघाला की आमची शुक्रवारची संध्याकाळ जाते, सोमवारी दुरुस्त होतं. पण माणसाच्याच रकान्यात नल आला तर?

हा विचार डोक्यात आला तो दमयंती तांबे यांच्याबद्दल वाचताना. बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, १९७० चा अर्जुन पुरस्कार. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, ५ डिसेंबर १९७१ ला, पती फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचं सुखोई विमान पाकिस्तानातल्या शोरकोटच्या हल्ल्यात पडलं. त्याच डिसेंबरात ढाक्याच्या 'पाकिस्तान ऑब्झर्व्हर'मध्ये पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली. त्यात एक नाव होतं 'टॉम्बे'. स्पेलिंग थोडं चुकलेलं, पण घरच्यांच्या मते दुसरं कोण असणार?

पुढे सिमला करार झाला, आपण त्यांचे सुमारे ९३ हजार युद्धकैदी परत दिले. १९७२ च्या डिसेंबरात आपलेही कैदी वाघ्याला परतले. त्यात तांबे नव्हते. असे एकूण ५४ जण, 'मिसिंग ५४'. १९७९ मध्ये लोकसभेत त्यांच्यातल्या चाळीसेक जणांची यादी ठेवली गेली. १९८३ आणि २००७ मध्ये नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन आले, हाती काही लागलं नाही. पाकिस्तान म्हणतो, आमच्याकडे कुणी नाही. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. आपण बेपत्ता सैनिकांबद्दल विचारतो. त्यांची नावं काही येत नाहीत.

मध्यंतरी नांदेडहून लातूरला मावशीकडे गेलो होतो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी जाते, वाचायला वेळच वेळ. घरी पोचल्यावर मावशीला हे सगळं सांगितलं. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "मग ती कुंकू लावते का रे?"

मला आधी वैताग आला. देशादेशांचे करार चाललेत आणि हिचं कुंकू! पण मावशीचा प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे बाईला दोनच खाती असतात, सवाष्ण नाहीतर विधवा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, हे त्यावर ठरतं. ज्या बाईला स्वतःलाच माहीत नाही, तिला कुठल्या रांगेत बसवणार? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला, सरकारनेही इतर गावांना तसं सुचवलं. चांगलंच झालं. पण तिथेही आधी कुणीतरी मेलेलं असावं लागतं ना!

कायद्याने एक वाट काढलीय. सात वर्षं काहीच खबर नसेल तर माणूस गेला असं धरता येतं. जुन्या पुरावा कायद्यात तसं होतं, २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने त्याच सात वर्षांवर घटस्फोटही मिळतो. म्हणजे सात वर्षांनी नलचा शून्य करायचा. इस्टेट, पेन्शन, कागद यांच्यासाठी हे लागतंच, मान्य. पण कागदावर शून्य लिहून माहिती थोडीच मिळते? दमयंतीबाईंनी दुसरं लग्न केलं नाही. दिल्लीत जेएनयूच्या क्रीडा विभागात नोकरी केली आणि मंत्रालयांचे उंबरे झिजवले.

मावशी स्वतः चाळिशीत विधवा झालेली. भाजी निवडता निवडता म्हणाली, "मला निदान रडता तरी आलं बाबा. तिनं कधी रडायचं?"

मला उत्तर सुचलं नाही.

२६ जानेवारीला आपण वीरपत्नींचा सत्कार करतो, शाल देतो, श्रीफळ देतो. ज्यांच्या नवऱ्याचं काय झालं तेच कुणी सांगितलं नाही, त्यांना शाल नकोय. त्यांना एक ओळ हवी आहे, खरी. जिवंत होता की नव्हता, कुठे होता, कधी गेला. १९४९ च्या जिनिव्हा करारात पकडलेल्या सैनिकाची माहिती कळवणं बंधनकारकच आहे. पन्नासहून जास्त वर्षं झाली, त्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या, काही विचारता विचारता गेल्याही असतील. रकाना मात्र अजून रिकामाच आहे, आणि तो भरायची जबाबदारी त्यांची कधीच नव्हती.