22 टक्क्यांचं पोतं

मालवण, मिरगाचा आठवडा

चि. नंदू,

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. ‘सगळ्या खुराड्याला 22 टक्के प्रोटीनचं ब्रॉयलर स्टार्टर चालू केलंय, आता अंडी खायला या’ असं लिहितोस! अरे, पोत्यावरचा आकडा वाचलास, तो कोणासाठी लिहिलाय ते नाही वाचलंस. ते खाद्य बंद शेडमध्ये वाढून सहा आठवड्यांत विकल्या जाणाऱ्या पाखराचं. तुझी वनराज जातीची कोंबडी तर हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठीच तयार केलेली. ती दिवसभर माडाखाली उकरत फिरणार.

प्रोटीन हवं, यात वाद नाही. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रोटीन असतं. कोंबडीने दिवसाला 100 ग्रॅम नुसती तांदळाची कणी खाल्ली तर तिला 7-8 ग्रॅम मिळतं, आणि त्यातून तिचं स्वतःचं अंगही चालवायचं असतं. मग ती चार दिवस अंगातलं मोडून घालते आणि थांबते. 16 ते 18 टक्क्यांच्या लेयर खाद्यात तिचं भागतं. त्यावरचं प्रोटीन तिला साठवता येत नाही. त्यातला नायट्रोजन युरिक ॲसिड होऊन विष्ठेतल्या पांढऱ्या भागातून बाहेर पडतो. म्हणजे तुझे जादा पैसे खुराड्यात अंथरलेल्या तुसावर सांडले. पावसाळ्यात ते तूस सुकायचं कुठे? त्यातून अमोनिया उठतो. खुराड्यात वाकून नाक जमिनीशी ने, डोळे चुरचुरतील. पिल्लांचं नाक त्याच उंचीवर असतं, नंदू.

म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगतो, चांगलं प्रोटीन पिल्लांचं. पहिले आठ आठवडे त्यांना 20 टक्के दे, हात आखडू नकोस. हाडं, पिसं, आजाराशी झुंजायची ताकद तेव्हाच बांधली जाते. पुढे तलंगांना 15-16 पुरे. एकच पोतं सोयीचं म्हणशील, पण ती सोय तुझी. ब्रॉयलर खाद्यात कॅल्शियम 1 टक्क्याच्या आसपास असतं, अंड्यावरच्या कोंबडीला साडेतीनच्या आसपास लागतं. कवचं पातळ होतील. उलट लेयरचं पोतं पिल्लांपुढे ओतलंस तर तेच कॅल्शियम त्यांची मूत्रपिंडं बिघडवेल. वेगळं ठेवणं जमतच नसेल तर नाइलाजाने पिल्लांचं खाद्य सगळ्यांना घाल आणि कालवांच्या शिंपल्यांचा चुरा वेगळ्या करवंटीत ठेव. जिला हवा ती बरोबर टिपते.

‘आजीच्या कोंबड्या कणीवरच वाढल्या’ हा तुझा ठरलेला मुद्दा. नुसत्या कणीवर नव्हे; वाळवी, गांडुळं, शेणातल्या अळ्या त्यांना मिळत होत्या. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी घालते, तेवढ्याला अंगण पुरतं. किती पिल्लं दगावत, त्याचा हिशेब कोणी ठेवत नव्हतं. आणि लेयर खाद्यात निम्मी कणी मिसळायची तुझी जुनी खोड असेल तर 18 आणि 8 मिळून 13 टक्केच उरतात, हेही लक्षात घे. टक्का वाढवायचाच तर आपल्या बंदरावर जवळा आहे. त्यात निम्म्याहून जास्त प्रोटीन, आणि तांदळात कमी पडणारं लायसिन भरपूर. 90 ग्रॅम कणी-कोंड्यात 10 ग्रॅम सुका जवळा कुटून घातला की 14 टक्क्यांच्या आसपास जातं. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीचं बाकीचं अंगण भरून काढतं. मात्र खारवलेला बांगडा चुकूनही नको, पिल्लांना मीठ सोसत नाही. जवळाही फार झाला तर अंड्याला वास येतो.

खरी काळजी वेगळीच आहे. पोतं कुठे ठेवलंयस? पडवीत, जमिनीवर? आपल्या दमट हवेत मक्याला आणि शेंगदाणा पेंडीला बुरशी लागायला वेळ लागत नाही, आणि तिचं अफ्लाटॉक्सिन यकृत पोखरतं. मग 22 टक्के काय आणि 16 काय. शिवाय ब्रॉयलरच्या काही खाद्यांत औषध मिसळलेलं असतं, तुम्ही तर अंडी रोज खाता. लेबल वाच, किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून ये. आजच पोतं फळीवर चढव आणि कोपरापर्यंत हात आत घाल. आत गरम लागलं किंवा कुबट वास आला तर त्यातली मूठभरही कुठल्या पाखराला घालू नकोस.

तुझा,
काका