सड्यावरून सायकलने
फजरची नमाज अदा करून आम्ही मुलांसह रत्नागिरीहून निघालो. भाट्याच्या पुलाखाली काजळी नदी समुद्राला मिळते. पुढचा चढ चढताना गिअरची सायकल असली तरी धाप लागते; मग जांभ्याचा उघडा सडा. कातळ फोडून, खड्ड्यांत माती भरून इथे हापूस वाढवला आहे. पावस, पूर्णगड मागे टाकून, मुचकुंदीची खाडी ओलांडून कशेळी गाठले. तिथे कातळावर भलामोठा हत्ती कोरलेला, त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी! २०२२ मध्ये कोकणातली ही कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. पण रेघा उथळ आहेत. चाकांनी झिजतात, आणि चिरेखाण आली तर सडाच नाहीसा होतो. मुलांना म्हटले, "इथे उतरा, सायकल हातात धरून चाला. ही पुढच्यांची अमानत आहे."