तोंडात मावेल तेवढं

माशाला दया नसते आणि दुष्टपणाही नसतो. तोंडात मावेल ते तो गिळतो. झिंगे आणि मासे एकाच काचेच्या टाकीत नांदवायचे असतील तर आधी हे मनाशी पक्कं करावं, बाकी सगळं नंतर. चेरी झिंग्याचं नुकतं जन्मलेलं पिल्लू असतं दोनेक मिलिमीटरचं, मोठ्या झिंग्याचंच हुबेहूब रूप, फक्त डोळे ताणून शोधावं लागणारं. गप्पी त्याला चालता चालता टिपतो. एंजल मासा तर वाढलेल्या झिंग्यालाही सोडत नाही. माझ्या टाकीत म्हणून चिली रासबोरा आहेत. हा दक्षिण बोर्निओच्या दलदलीतला, कोऱ्या चहाच्या रंगाच्या पाण्यातला लाल मासा पूर्ण वाढला तरी दोन सेंटिमीटरच्या आसपासच राहतो. तोही एखादं पिल्लू उचलतच असणार, पण त्याचं तोंडच एवढंसं, की बहुतेक पिल्लं वाचतात.

झिंगे आणि मासे एकत्र मी पहिल्यांदा पाहिले ते आजोळी, राजापूरकडच्या एका पऱ्यात. गणपती होऊन गेले, पाऊस ओसरला की पऱ्याचं पाणी निवळायचं. मामी आणि मी दोन टोकांनी पंचा धरून तो पाण्याखालून वर काढायचो. त्यात आरपार दिसणारे झिंगे, डोक्यावर चमकता ठिपका असलेले बारके मासे आणि पुष्कळसा पालापाचोळा यायचा. मामीचा एक नियम होता. दगड उचललास तर होता तसाच, त्याच जागी परत ठेवायचा. झिंग्यांना दिवसा त्याच्याखाली राहायचं असतं, एवढंच कारण ती द्यायची. पाण्यातल्या जिवांबद्दल मी पुढे कितीतरी वाचलं, पण याहून उपयोगी काही हाती लागलेलं नाही.

मग गिरगाव. वाडीतल्या विहिरीत महापालिकेच्या मलेरिया खात्याची माणसं डासांच्या अळ्या खायला गप्पी सोडून जायची आणि आम्ही मुलं काठावर ओणवी होऊन ते शोधायचो. मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय चालत जाण्याच्या अंतरावर. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय आमच्या पिढीला कासवांसाठी आणि मोठ्या माशांसाठी आठवतं. मी मात्र तळाच्या रेतीत काही हलतंय का ते बघत रेंगाळायचे. मोठा मासा एका नजरेत दिसतो आणि संपतो. बारीक जिवांपाशी थांबावं लागतं, ते मला तेव्हापासून आवडतं.

आता ठाण्याच्या घरात खिडकीपासून जरा लांब, सावलीच्या भिंतीला टाकी आहे. तिच्यातला अर्धा भाग जावा मॉसचा गुंता आणि वाळलेली देशी बदामाची पानं यांनी भरलेला. पानं आमच्याच कॉलनीच्या रस्त्यावर पडतात. लाल होऊन गळली की मी वेचते, धुते, वाळवते. पाण्यात ती हळूहळू कुजतात, पाण्याला तांबूस रंग देतात आणि त्यांच्यावर सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर चढतो. झिंग्यांचं खरं अन्न म्हणजे हा थर. चिमट्यासारखे बारीक पाय एकामागून एक तोंडाकडे जात राहतात, अखंड, आणि खाली पानाची फक्त शिरांची जाळी उरते. रासबोरा मधल्या पाण्यात तरंगत असतात, झिंगे खाली खुडत असतात. दोघांनी एकमेकांवर माया करावी अशी माझी अपेक्षा नाही. पिल्लांना दडायला गुंता आहे आणि माशांचं पोट भरलेलं आहे, यावर ही टाकी चालते. पाहणाऱ्याला मॉस जरा काढून टाकावासा वाटतो, म्हणजे सगळं नीट दिसेल. मला तो कापायचा मोह होत नाही. जे सतत दिसत नाही तेच तगतं.

आमच्या घरात कोळंबी ही खायची वस्तू. सासूबाईंना सुरुवातीला या छंदाचं नवल वाटलं. पण टाकीतली पहिली अंडी त्यांनीच पाहिली. "अगं, हिला गाभोळी आलीय बघ," म्हणून त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली. मादी वीस-तीस अंडी पोटाखालच्या पायांत धरते आणि तीनेक आठवडे त्यांना पाय हलवून वारा घालावा तसं पाणी घालत राहते. एकदा त्यांना तळाशी आख्खा रिकामा झिंगा दिसला आणि त्या हळहळल्या. तो मेलेला नव्हता, त्याने कात टाकली होती. वाढायचं तर जुनं कवच सोडावंच लागतं, आणि नवं घट्ट होईपर्यंत तो जीव अगदी मऊ, असहाय असतो. तेव्हाही गुंताच कामी येतो. टाकलेलं कवच मी काढत नाही. त्यातले क्षार झिंगेच खाऊन परत मिळवतात.

सासूबाई रोज रात्री तांब्याच्या कळशीत पाणी भरून ठेवतात आणि सकाळी सगळ्यांना देतात. त्यातलं थोडं टाकीत घालू का, असं त्यांनी मोठ्या प्रेमाने विचारलं होतं. तांबं मात्र झिंग्यांना मारतं. गंमत अशी, की त्यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचं काम तांबंच करतं, आपल्याकडे लोह करतं तसं. पाण्यात विरघळलेलं तांबं पचवण्याची ताकद मात्र त्यांच्यात नाही. माशांच्या कितीतरी औषधांत ते असतं, म्हणून बाटलीवरचं वाचल्याशिवाय एक थेंबही टाकीत जात नाही. आमच्याकडे टाकीचं पाणी वेगळ्या प्लास्टिकच्या बादलीत रात्रभर उघडं राहतं, क्लोरीन उडून जातं, आणि सासूबाई त्या बादलीला कुणाला हात लावू देत नाहीत.

मे महिना मला सगळ्यात कठीण वाटतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. मी पृष्ठभागावर छोटा पंखा लावते. बाष्पीभवनाने पाण्याचं तापमान थोडं उतरतं, पण इथल्या दमट हवेत फारसं नाही. त्या दिवसांत खाणं कमी, हवेचा पंप चोवीस तास.

पिल्लं वाढतात आणि टाकी भरते. गावच्या पऱ्यात सोडून दे, असं नातेवाईक सांगतात. ते मी कधीच करणार नाही. चेरी झिंगे तैवान-चीनकडचे, आमच्या पऱ्याचे नव्हेत. दक्षिण अमेरिकेतला सकर मासा कुणाच्या तरी घरच्या टाकीतून सुटावा आणि उजनीच्या मच्छीमारांची जाळी फाडत सुटावा, असं आपल्याकडे घडतं आहे. मामीने दगड जागच्या जागी ठेवायला शिकवलं, त्याच पाण्यात मी परका जीव कसा सोडू?

म्हणून मी ते वाटते. सध्या तिसऱ्या मजल्यावरची सातवीतली मुलगी रांगेत आहे. तिला मॉसचा गोळा दिलाय आणि स्पंजचा फिल्टर माझ्या टाकीत ठेवून मुरवून दिलाय, म्हणजे माशांच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जिवाणू तिला आयते मिळतील. तरी महिनाभर रिकामी टाकी चालव, असं सांगितलंय. काल ती विचारायला आली, "काकू, माझे गप्पी पण त्यातच ठेवू?"

"ठेव की. मोठे झिंगे मजेत राहतील. पण पिल्लं वाढवायची असतील तर गप्पींना वेगळी टाकी."

ती घरी जाऊन गप्पींची तोंडं बघून आली आणि म्हणाली, दुसऱ्या टाकीचं बाबांना विचारते.