मामांची ‘कुत्र्याची बंदूक’

मुलांनो, मी केलेली एक चूक आज तुम्हांला सांगणार आहे. हसू नका हं!

मी पाचवीत होते. मे महिन्यात आम्ही संगमेश्वर तालुक्यात मामांकडे जायचो. मामांच्या माजघरात खुंटीवर एक ठासणीची बंदूक टांगलेली असे. फणसावर आणि भाजीवर वांदरांची धाड आली की मामा तिचा बार काढत. तेवढ्यासाठीच सरकारी परवाना होता. ती खाली घेतली की मामा आधी लोखंडी गज नळीत सोडत. ‘टण्ण’ वाजलं तर नळी रिकामी. बद्द आवाज आला तर आत दारू भरलेली! आम्हां मुलांना हात लावायची सक्त मनाई होती.

त्या बंदुकीला एक कोडं होतं. घोडा जिथं बसवतात त्या लोखंडी पट्टीवर दोन रिकामी भोकं होती. ती कशासाठी, कुणालाच ठाऊक नव्हतं. पट्टीवर एक पुसट चित्रही होतं, उभ्या राहिलेल्या कुत्र्यासारखं. म्हणून घरात तिला ‘कुत्र्याची बंदूक’ म्हणत.

भोकांचं कोडं मला फार उशिरा सुटलं. ही बंदूक मुळात चकमकीची होती! चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या तोंडात गारगोटीचा तुकडा धरलेला असतो. चाप ओढला की तो समोरच्या पोलादी पत्र्यावर आपटतो, ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकावर, म्हणजे बारीक दारूवर पडतात, आणि बाजूच्या कानातून आग नळीत शिरते. पावसात रंजक भिजलं की सगळंच फुस्स! कोकणातल्या पावसात तर विचारूच नका.

यावर उपाय काढला तो कुणी सेनापतीनं नाही, स्कॉटलंडमधल्या एका पाद्रीबुवांनी. अलेक्झांडर फोरसाइथ त्यांचं नाव. त्यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद. वाटीतल्या रंजकाचा भपकारा दिसला की पक्षी सावध होऊन उडून जात. मग त्यांनी ठोका बसताच पेटणारं रसायन वापरून पाहिलं आणि १८०७ साली त्याचं पेटंट घेतलं. पुढं ते रसायन तांब्याच्या चिमुकल्या टोपीत भरू लागले. टोपी निपलावर बसवायची, वरून घोडा आपटायचा, की झालं काम.

१८३४ साली इंग्लंडात वुलिच इथं दोन्ही प्रकारच्या बंदुकांची परीक्षा झाली. प्रत्येकी ६,००० बार. चकमकीच्या ९२२ वेळा फुसक्या निघाल्या, टोपीच्या फक्त ३६ वेळा. करा बरं भागाकार!

पण कोठारांत लाखो चकमकीच्या बंदुका पडून होत्या. त्या फेकायच्या कशा? जुन्या लुगड्याची गोधडी करतात ना, तसंच झालं. अमेरिकेत सरकारी कारखान्यांत १८१६ सालच्या नमुन्याच्या बंदुका घेऊन वाटी काढून टाकली, जुना कान पितळेनं बुजवला, नळीवर निपल बसवलं आणि घोडा बदलला. पत्र्याचे स्क्रू जिथं होते ती भोकंही पितळेनं बुजवली. १८६१ साली तिथं यादवी युद्ध पेटलं, तेव्हा यांतल्या कितीतरी बंदुका दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या हातांत होत्या. मामांच्या बंदुकीची भोकं मात्र कुणी बुजवलीच नव्हती.

आज परदेशांत असल्या बंदुका जमवणारे हौशी लोक आहेत. न बदललेल्या चकमकीच्या बंदुकीला जास्त पैसे येतात. म्हणून काही लबाड व्यापारी टोपीची बंदूक घेऊन तिला पुन्हा वाटी आणि पत्रा बसवतात! मला विचाराल तर बदललेलीच जास्त आवडते. तिच्या अंगावर दोन काळांच्या खुणा असतात. जाणते संग्राहक ती भिंगातून पाहतात, बुजवलेली भोकं मोजतात, शिक्के वाचतात. आणि घासत कधीच नाहीत.

मी घासली होती.

एका दुपारी मामा बाजारात गेले होते. त्यांना खूश करावं म्हणून मी बंदूक उतरवली आणि पॉलिशपेपरनं ती पट्टी लख्ख केली. अगदी आरशासारखी! मामा आले, पाहिलं, पण ओरडले नाहीत. “काय केलंस हे बाय?” एवढंच म्हणाले, आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवत बसले. कुत्रा गेला होता.

डीएडला असताना वाचनालयातल्या एका पुस्तकात मला ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकीचं चित्र दिसलं. पट्टीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह, पुढच्या पंज्यांत मुकुट! माझ्या पोटात धस्स झालं. आमचा कुत्रा म्हणजे हा सिंह तर नव्हे? मग ती कंपनीच्या फौजेतून आमच्या घरात आली असेल का? कुणी आणली?

ते पान हातानं उतरवून घेतलं आणि सुट्टीत मामांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं.

“असेल ग बाय,” ते म्हणाले. “नसेलही.”

मामा गेल्यावर परवाना संपला आणि बंदूक नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा केली. पावती देणाऱ्या हवालदारांनी विचारलं, “हिच्यावर काही खूण, शिक्का?” मामेभावानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, “नाही. काही नाही.” त्यांनी तसंच लिहून घेतलं.