श्वसनविषाणू आणि तीव्र आजाराचे भाकीत

श्वसनमार्गाला बाधा करणाऱ्या विषाणूच्या साथीत रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी कोणाचा आजार तापखोकल्यावरच थांबेल आणि कोणाला काही दिवसांत अतिदक्षता विभागात हलवावे लागेल, हे पहिल्याच दिवशी ओळखण्याची गरज वैद्यकात जुनी आहे. कारण खाटा, प्राणवायू आणि परिचारिका यांची वाटणी शेवटी याच अंदाजावर करावी लागते. न्यूमोनियाच्या रुग्णांसाठी २००३ साली मांडली गेलेली ‘कर्ब-६५’ ही पद्धत याच गरजेतून आली. तीत भ्रमिष्टपणा, रक्तातील युरियाचे वाढलेले प्रमाण, मिनिटाला ३० किंवा अधिक श्वास, घसरलेला रक्तदाब आणि ६५ किंवा त्याहून अधिक वय या पाच लक्षणांना प्रत्येकी एक गुण दिला जातो.

कोविड-१९ च्या साथीत अशा पद्धतींचे पेवच फुटले. या आजाराची पुढील वाटचाल वर्तवणाऱ्या ६०६ प्रारूपांचा पुढे पद्धतशीर आढावा घेतला गेला, तेव्हा त्यांतील केवळ २९ प्रारूपांत पूर्वग्रहाचा धोका कमी असल्याचे आढळले. छायाचित्रांवरून निदान करू पाहणाऱ्या संगणकीय प्रारूपांची गत याहून वाईट होती. काहींनी कोविडच्या प्रौढ रुग्णांच्या क्ष-किरण चित्रांशी तुलनेसाठी लहान मुलांची चित्रे वापरली होती, त्यामुळे यंत्र आजार ओळखण्याऐवजी मूल आणि प्रौढ यांतील फरक शिकण्याची सोयच झाली होती.

जी थोडी प्रारूपे कसोटीला उतरली त्यांत ब्रिटनमधील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेला ‘फोर-सी’ मृत्यू-गुणांक ठळक आहे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधील २६० रुग्णालयांतील ३५,४६३ रुग्णांच्या नोंदींवरून तो बांधला गेला आणि नंतर दाखल झालेल्या २२,३६१ रुग्णांवर पडताळला गेला. वय, लिंग, सहव्याधींची संख्या, श्वसनदर, प्राणवायूची पातळी, शुद्धीची अवस्था, युरिया आणि शरीरातील दाह दाखवणारे सीआरपी हे प्रथिन, एवढ्या आठच गोष्टी त्यात मोजल्या जातात आणि एकूण गुण ० ते २१ च्या दरम्यान येतात. मूळ अभ्यासात ३ पर्यंत गुण असलेल्यांपैकी सुमारे १ टक्का, तर १५ किंवा अधिक गुण असलेल्यांपैकी सुमारे ६२ टक्के रुग्ण दगावले.

मात्र अशा गुणांकाचे मोल ठरवताना दोन गुण वेगळे पारखावे लागतात. पहिला भेदक्षमतेचा: दगावलेला एक आणि वाचलेला एक असे दोन रुग्ण सहज निवडले, तर दगावलेल्याचा गुणांक अधिक असण्याची शक्यता किती, हे तो सांगतो. पडताळणीत ती सुमारे ७७ टक्के भरली, म्हणजे शंभरांतील वीस-पंचवीस जोड्यांत गुणांक चुकतो. दुसरा गुण जुळणीचा, म्हणजे वर्तवलेले टक्के आणि प्रत्यक्षातले टक्के यांचा मेळ. जुळणी साथीबरोबर बदलते. ज्या रुग्णांवरून हा गुणांक बांधला ते २०२० च्या फेब्रुवारी ते मे या काळातले होते. प्राणवायू किंवा व्हेंटिलेटर लागणाऱ्या रुग्णांत डेक्सामेथासोन मृत्यू कमी करते हा निष्कर्ष जूनमध्ये आला, लशी तर त्याहून पुढे आल्या. क्रम बहुधा टिकतो, टक्केवारी टिकेलच असे नाही.

याहून महत्त्वाची मर्यादा गुणांकाच्या घडणीतच आहे. ऐंशी वर्षे ओलांडलेल्या पुरुषाला केवळ वय आणि लिंग यांचे ८ गुण मिळतात. उलट पंचेचाळीस वर्षांचा, कोणतीही सहव्याधी नसलेला पुरुष मिनिटाला ३४ श्वास घेत असेल, त्याची प्राणवायूची पातळी ८४ वर आणि सीआरपी १२० वर असेल, परंतु शुद्ध आणि युरिया ठीक असेल, तर त्याचे गुण अवघे ७ भरतात आणि तो मध्यम धोक्याच्या गटात बसतो. त्या रुग्णाला तत्काळ प्राणवायू हवा आहे, हे सांगायला कोणताही गुणांक लागत नाही. कोणाचा मृत्यू संभवतो आणि कोणाला आत्ता उपचार हवेत हे दोन प्रश्न निराळे आहेत, आणि त्यांची गल्लत केली तर तरुण रुग्णच मागे पडतो. याच संशोधकगटाने प्रकृती ढासळण्याचा स्वतंत्र गुणांक पुढे तयार केला, तो उगाच नव्हे.

परदेशी गुणांक भारतात वापरताना एककांचाही घोळ होतो. ब्रिटनमध्ये युरिया मिलिमोलमध्ये मोजतात आणि ७ हा पहिला उंबरठा असतो. भारतीय प्रयोगशाळांच्या अहवालात तो बहुधा मिलिग्रॅममध्ये असतो आणि तिथे हाच उंबरठा सुमारे ४२ होतो. अहवालात युरियाऐवजी त्यातील नायट्रोजन, म्हणजे ‘बीयूएन’, दिला असेल तर तो सुमारे २० होतो. एकक न बदलता आकडा भरला, तर धडधाकट मूत्रपिंडाच्या माणसालाही युरियाचे पूर्ण ३ गुण मिळतात.

महाराष्ट्रात २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ‘स्कोअर किती आला?’ हा प्रश्न घराघरांत विचारला जात होता, तो मात्र यांपैकी कशाचाच नव्हता. तो एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या सूक्ष्म सीटी चित्रणाचा होता. फुप्फुसांच्या पाच खंडांना प्रत्येकी ५ पर्यंत गुण देऊन २५ पैकी येणारा हा आकडा फुप्फुसांचा किती भाग बाधित दिसतो एवढेच सांगतो. लक्षणे सौम्य असताना असे चित्रण करू नये, असा इशारा ‘एम्स’चे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी त्या मे महिन्यात दिला होता. त्याआधी एप्रिलमध्ये आलेल्या राष्ट्रीय उपचारसूत्रांत आजाराची प्रतवारी श्वसनदर आणि प्राणवायूची पातळी यांवर बेतली होती: मिनिटाला २४ किंवा अधिक श्वास अथवा ९० ते ९३ पातळी म्हणजे मध्यम, ३० पेक्षा अधिक श्वास अथवा ९० खाली पातळी म्हणजे तीव्र. हजारो रुपयांच्या चित्रणापेक्षा ही प्रतवारी अधिक कामाची होती, आणि तरीही लोकांचा विश्वास चित्रणावरच अधिक बसला.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरलाही मर्यादा आहेत. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतील रक्ताची प्रत्यक्ष पातळी ८८ च्या खाली असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के, तर गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के आढळले. सावळ्या त्वचेच्या देशात ९३ किंवा ९४ हा आकडा पाहून निर्धास्त होणे म्हणूनच योग्य नाही. श्वसनदराला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. तरी वॉर्डातील तक्त्यांवर सर्वांत निष्काळजीपणे भरला जातो तो हाच रकाना, आणि एकामागून एक रुग्णांपुढे १८ किंवा २० असे ठोकळेबाज आकडे दिसतात. रुग्ण शांत असताना, त्याच्या नकळत, पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजले जावेत आणि ही मोजणी दर पाळीत पुन्हा व्हावी, एवढी अपेक्षा प्रत्येक रुग्णालयाकडून नातेवाइकांनी जरूर ठेवावी.